थायरॉइड : गळ्यातील ग्रंथी, मेंदूची देखरेख

‘मला थायरॉइड आहे’ हे वाक्य अलीकडे घराघरांत ऐकू येते. वास्तविक थायरॉइड हे आजाराचे नव्हे, ग्रंथीचे नाव असून ती प्रत्येकाच्याच गळ्यात असते. श्वासनलिकेच्या पुढील बाजूस असलेल्या, फुलपाखराच्या आकाराच्या या ग्रंथीचे वजन जेमतेम १५ ते २५ ग्रॅम असते. मराठीत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. हृदयाचे ठोके, शरीराचे तापमान, ऊर्जेचा वापर आणि मुलांची वाढ यांची गती राखण्यात तिचा मोठा वाटा असतो.

लाळग्रंथी किंवा घर्मग्रंथींचा स्राव नलिकेवाटे बाहेर पडतो. अवटूसारख्या अंतःस्रावी ग्रंथींना मात्र नलिका नसते. त्यांचा स्राव थेट रक्तात मिसळतो आणि दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचतो. या स्रावांनाच संप्रेरके अर्थात हार्मोन्स म्हणतात. ‘हार्मोन’ हा शब्द ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये रूढ केला.

नियंत्रणाची साखळी

अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेऊन थायरॉक्सिन (टी-फोर) आणि टी-थ्री ही दोन संप्रेरके तयार करते. ती किती तयार करायची, हे मात्र तिच्या एकटीच्या हाती नसते. मेंदूच्या तळाशी मटारच्या दाण्याएवढी पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी असते. तिच्यातून स्रवणारे टीएसएच हे संप्रेरक अवटूला कामाला लावते. पीयूषिकेवर मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाचे नियंत्रण असते.

रक्तात थायरॉक्सिन कमी झाले की टीएसएच वाढते आणि थायरॉक्सिन पुरेसे झाले की ते घटते. पाण्याची टाकी भरताच तरंगता चेंडू नळ बंद करतो आणि पातळी उतरली की पुन्हा उघडतो, तसाच हा प्रकार आहे.

तपासणीचा अहवाल वाचताना नेमकी इथेच गल्लत होते. टीएसएचचा आकडा वाढलेला दिसला की ‘थायरॉइड वाढले’ असे समजले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा अर्थ उलटा असतो. ग्रंथी मंदावली आहे आणि पीयूषिका तिला जोराने साद घालते आहे, असे तो आकडा सांगत असतो. बिघाड पीयूषिकेतच असेल, तर टीएसएच वाढलेले नसतानाही थायरॉक्सिन कमी असू शकते. म्हणूनच केवळ एका आकड्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही.

गलगंड आणि मीठ

आहारात आयोडीन नसेल तर कच्च्या मालाअभावी थायरॉक्सिन पुरेसे तयार होत नाही. टीएसएचचा तगादा मात्र सुरूच राहतो आणि ग्रंथी फुगत जाते. हाच गलगंड. हिमालयाच्या पायथ्याशी तो पूर्वापार आढळत असे. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात एक प्रयोग केला. दोन विभागांना आयोडीनयुक्त आणि तिसऱ्याला साधे मीठ पुरवण्यात आले. आयोडीन मिळालेल्या विभागांत काही वर्षांत गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. १९६२ मध्ये देशात राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. एवढी अल्प गरज मिठातून सहज भागते. मात्र आरोग्यदायी म्हणून सैंधव किंवा साधे खडे मीठ वापरणाऱ्यांनी त्यात आयोडीन मिसळलेले आहे का, हे पाकिटावर पाहून घ्यावे. दुसरीकडे, आयोडीन पुरेसे मिळणाऱ्यांमध्ये ग्रंथी मंदावण्याचे प्रमुख कारण शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच तिच्यावर केलेला हल्ला हे असते. जपानचे डॉ. हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेला हा विकार अधिक आयोडीन घेतल्याने बरा होत नाही.

बाळासाठी वेळ मोलाचा

गर्भाच्या मेंदूच्या वाढीसाठी थायरॉक्सिन अत्यावश्यक असते. पहिले सुमारे तीन महिने ते केवळ आईकडूनच मिळते. त्यामुळे गोळी सुरू असलेल्या स्त्रीने गर्भधारणा होताच डॉक्टरांना कळवावे. अशा वेळी मात्रा बहुधा वाढवावी लागते.

काही बाळांची अवटू ग्रंथी जन्मतःच सदोष असते. सुरुवातीला लक्षणे बहुधा दिसत नाहीत आणि उपचाराला उशीर झाल्यास बुद्धीची हानी भरून निघत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून हा दोष ओळखता येतो. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले, तर मुलाची वाढ सर्वसाधारणपणे इतर मुलांसारखीच होते. प्रसूतीपूर्वीच रुग्णालयात या चाचणीची चौकशी करून ठेवणे हिताचे.

गोळी घेणाऱ्यांसाठी

- थायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी. चहा-न्याहारी अर्ध्या ते एक तासाने करावी.
- लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे.
- मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. त्याआधीच्या तपासणीतून नेमके चित्र मिळत नाही.
- अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.