बदली गडी आणि पंचाची शिटी

फुटबॉलच्या सामन्यांत एक गडी बाहेर बोलावून त्याच्या जागीं दुसरा आंत धाडणें ही आज इतकी सरावाची गोष्ट झाली आहे कीं, खेळाच्या पहिल्या शंभर वर्षांत ती जवळजवळ नव्हतीच असें सांगितलें तर मुलांना खरें वाटत नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत शिक्षक असतां मीं कित्येक वर्षें मुलांच्या सामन्यांचें पंचपण केलें. तेथें गोल झाला कीं नाहीं यावरून जितके वाद झाले, त्याहून अधिक वाद शेवटच्या पांच मिनिटांतील या अदलाबदलीवरून झाले. या वादामागें बराच मोठा इतिहास आहे. तो आज आपल्यापुढें ठेवावा असें योजिलें आहे.

लंडन येथें १८६३ सालीं फुटबॉलचे एकत्रित नियम झाले, त्यांत पंचाचें नांवहि नव्हतें. सभ्य गृहस्थ खेळतांना लबाडी करणार नाहींत अशी समजूत होती, आणि वाद निघालाच तर दोन्ही नायकांनीं तो मिटवावयाचा. पुढें प्रत्येक पक्ष आपापला पंच आणूं लागला. त्या दोघांचें जुळलें नाहीं म्हणजे रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याकडे दाद मागावयाची. १८९१ सालीं हा तिसरा मैदानांत आला आणि पहिले दोघे निशाण घेऊन रेषेवर गेले. आज ज्याला आपण पंच म्हणतों तो हा तिसरा गृहस्थ होय.

आंत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आपल्या हुतूतूंतहि जुनाच. बाद झालेला गडी पुन्हां जिवंत होणार कीं नाहीं, यावरूनच संजीवनी, गमनी व अमर असे त्याचे तीन प्रकार पडले होते. एका गांवचे गडी संजीवनीच्या समजुतीनें खेळत, दुसऱ्या गांवचे गमनीच्या. मग काय होई तें सांगावयास नको! १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम छापून मोठे सामने भरविले, तेव्हां या गोंधळास कांहीं आळा बसला. आजच्या कबड्डींत राखीव गडी आंत घेतां येतो. मात्र बाद होऊन बाहेर बसलेल्याच्या जागीं घेतां येत नाहीं.

फुटबॉलला बदली गड्याचें महत्त्व कळावयास फार वेळ लागला. ५ मे १९५६ रोजीं वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडांतील चषकाचा अंतिम सामना चालू होता. मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमान हा सामना संपावयास सुमारें सतरा मिनिटें असतां प्रतिपक्षाच्या गड्यावर आदळला. त्याला धड उभें राहवेना. परंतु राखीव गडी घेण्याची सोयच नव्हती, तेव्हां तो तसाच अखेरपर्यंत खेळला आणि त्याचा संघ ३–१ असा जिंकला. कांहीं दिवसांनीं क्ष-किरणांनीं तपासलें तों त्याच्या मानेचें हाड मोडलेलें निघालें. लोक ही कथा शौर्य म्हणून सांगतात. मला तींत शौर्याइतकाच नियमाचा निर्दयपणा दिसतो.

१९६५ सालीं इंग्लंडच्या लीग सामन्यांत एक बदली गडी मान्य झाला, तोहि केवळ दुखापत झाल्यास. पण खरी दुखापत कोणती आणि सोंग कोणतें, हें पंचानें कसें ओळखावें? पुढच्याच वर्षीं ती अट गेली. १९७० च्या मेक्सिकोंतील विश्वचषकांत प्रत्येक संघाला दोन गडी बदलण्याची मुभा मिळाली, आणि ३१ मे रोजीं पहिल्याच सामन्यांत सोव्हिएट संघाचा पुझाच हा त्या स्पर्धेंतील पहिला बदली गडी ठरला.

दुखापतीवरचा हा उपाय अशा रीतीनें मार्गदर्शकाचें हत्यार बनला. सामना सुरू झाल्यावर मार्गदर्शकाच्या हातीं दुसरें असतें तरी काय? तेंहि पंचाच्या शिटीवर अवलंबून. म्हणूनच तो चिडतो. २४ फेब्रुवारी २०१९ रोजीं त्याच वेम्ब्लीवर चेल्सीचा मार्गदर्शक सारी यानें जादा वेळ संपत आला असतां गोलरक्षक केपा याला बाहेर बोलाविलें. केपानें हात हालवून नकार दिला. सारी संतापला, कडेला येरझाऱ्या घालूं लागला. पंच मॉस यांनीं त्याच्यापाशीं जाऊन काय तें विचारलें आणि केपा आंतच राहिला. कारण गडी निघत नसेल तर खेळ पुढें चालवावा, असाच नियम आहे. त्याच वर्षाच्या नव्या नियमांनीं मार्गदर्शकालाहि पिवळें व लाल पत्र दाखविण्याचा अधिकार पंचास दिला, आणि बाहेर जाणाऱ्यानें सर्वांत जवळच्या रेषेनेंच जावें असें ठरलें. त्यापूर्वीं आघाडीवरच्या संघाचा गडी मैदानाच्या दुसऱ्या टोंकापासून वऱ्हाड्यासारखा चालत येई.

आतां आमच्या तालुक्यांकडे वळूं. १५ सप्टेंबर २०१७ रोजीं राज्य सरकारनें शाळाशाळांतून फुटबॉल खेळविला. पुढच्याच महिन्यांत सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे कांहीं सामने आमच्याच जिल्ह्यांत, नव्या मुंबईस झाले. कबड्डी-खोखोवर वाढलेल्या आमच्या मुलांनीं भात कापलेल्या खाचरांत गोलाच्या काठ्या रोवल्या. अशा ठिकाणीं पंचाला शेवटच्या मिनिटांत फार सावध राहावें लागतें. मीं सामन्याआधीं दोन्ही शिक्षकांना एकत्र बोलावून सांगत असें, कीं गड्याचा क्रमांक चिठ्ठीवर लिहून रेषापंचाकडे द्यावा, आणि खेळ थांबल्याखेरीज बदल होणार नाहीं. रेषापंचानें दोन्ही हातांनीं निशाण डोक्यावर आडवें धरलें म्हणजे मला पाठ फिरली असतांहि कोणी तरी हांक मारीच. शिक्षक ओरडूं लागले तर लांबून उत्तर देण्यांत अर्थ नसतो. खेळ थांबतांच जवळ जाऊन, हलक्या आवाजांत, एकच वाक्य बोलावें. मुलांच्या देखत शिक्षकाचा पाणउतारा झाला कीं पुढचा सामना बिघडलाच.

शिवाय त्या ओरडण्यामागें पुष्कळदां दुसरेंच कारण असतें. आश्रमशाळेचा एखादा मुलगा आठ कोस जीपमध्यें उभा राहून आलेला असतो आणि सबंध दिवस कडेला बसलेला असतो. त्याला दोन मिनिटें तरी उतरवूं, असें गुरुजींनीं कबूल केलेलें असतें. नियमाप्रमाणें शेवटच्या मिनिटालाहि बदल करतां येतो, आणि मुलांच्या सामन्यांत राष्ट्रीय संघटनेनें मुभा दिल्यास बाहेर गेलेला गडी पुन्हां आंतहि येऊं शकतो. २०१७ सालीं नियमांत आलेली ही सवलत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

राहतां राहिला बुटांचा प्रश्न. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें आपल्या संघांतील कित्येक गडी अनवाणी खेळले होते; आज बूट सक्तीचे आहेत. आमच्याकडे पुष्कळ संघांत बुटांचे जोड अकराच असत. त्यामुळें बाहेर येणाऱ्यानें रेषेवर बसून बूट काढावयाचे आणि आंत जाणाऱ्यानें ते घालावयाचे, असा प्रकार चाले. प्रतिपक्षाचे शिक्षक वेळ काढल्याची ओरड करीत. मीं त्यांना मनगटावरील घड्याळ दाखवीं; गेलेला वेळ शेवटीं भरून देण्याचा अधिकार नियमानेंच पंचाला दिला आहे. मुलाच्या नाड्या बांधून होईपर्यंत मीं शिटी वाजवीत नसें.