हौशी ड्रोन उड्डाण आणि खासगीपणा

छंद, मनोरंजन किंवा छायाचित्रणासाठी लहान मानवरहित विमाने उडवण्यास हौशी ड्रोन उड्डाण असे म्हणतात. अशा ड्रोनवर बहुधा कॅमेरा बसवलेला असतो. त्यामुळे खासगीपणाचा भंग, टेहळणी आणि सुरक्षितता यांविषयी लोकांच्या मनात शंका निर्माण होतात. या शंकांमधून तक्रारी, वादावादी, चालकांना मारहाण आणि ड्रोन पाडण्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत. भारतासह विविध देशांनी नोंदणी, उड्डाणक्षेत्रे आणि फौजदारी तरतुदींद्वारे या प्रश्नाचे नियमन करण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र विमानवाहतुकीचे नियम प्रामुख्याने सुरक्षिततेसाठी असल्याने खासगीपणाचा प्रश्न त्यांतून पूर्णपणे सुटलेला नाही.

पार्श्वभूमी

रिमोटवर चालणारी प्रतिकृती विमाने उडवण्याचा छंद विसाव्या शतकापासून प्रचलित आहे. ही विमाने मोकळ्या मैदानात, बहुधा क्लबच्या सदस्यांकडून उडवली जात. त्यांवर कॅमेरा क्वचितच असे व ती उडवण्यास बराच सराव लागे. २०१० नंतर चार पंख्यांचे, उपग्रहाच्या साहाय्याने हवेत स्थिर राहणारे आणि कॅमेऱ्यासह विकले जाणारे ड्रोन स्वस्त झाले. त्यामुळे नवखी व्यक्तीही गच्चीवरून, रस्त्यावरून किंवा समुद्रकिनाऱ्यावरून उड्डाण करू लागली. छंद मैदानातून वस्तीत आल्यानंतर त्याविषयीच्या तक्रारी वाढू लागल्या.

विरोधाची कारणे

ड्रोनविषयीच्या रोषाची कारणे साधारणपणे पुढीलप्रमाणे आहेत.

चालक न दिसणे: हातात कॅमेरा घेतलेली व्यक्ती समोर असते; तिला हटकता येते. ड्रोनचा चालक मात्र शेकडो मीटर दूर असू शकतो. कोण पाहत आहे आणि कशासाठी, हे न कळल्याने संशय वाढतो.

कुंपणाचा उपयोग न होणे: भिंत, पडदा, कुंपण किंवा इमारतीची उंची यांमुळे मिळणारा आडोसा ड्रोनपुढे निरुपयोगी ठरतो. घरामागचे अंगण, गच्ची आणि वरच्या मजल्यांच्या खिडक्या यांबाबत म्हणूनच सर्वाधिक तक्रारी होतात.

आवाज: लहान पंख्यांचा आवाज तीक्ष्ण असतो. अमेरिकेतील नासाच्या लँगली संशोधन केंद्रातील २०१७ च्या एका अभ्यासात, तितक्याच मोठ्या आवाजाच्या रस्त्यावरील वाहनांपेक्षा ड्रोनचा आवाज श्रोत्यांना अधिक त्रासदायक वाटल्याचे आढळले.

युद्ध आणि गुन्हेगारीशी संबंध: ‘ड्रोन’ हा शब्द सामान्य लोकांना प्रथम लष्करी हल्ल्यांच्या बातम्यांतून परिचित झाला. जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर २७ जून २०२१ रोजी झालेल्या ड्रोन हल्ल्यानंतर भारतातही हा संबंध अधिक ठळक झाला.

कॅमेऱ्याची प्रत्यक्ष क्षमता

ड्रोनला प्रत्यक्षात काय दिसते, याविषयी चालक आणि नागरिक यांच्या समजुतींत मोठी तफावत असते. अनेक हौशी ड्रोनवर रुंद दृश्य टिपणारे, सुमारे २४ मिलिमीटर समतुल्य भिंग असते. अशा भिंगातून १०० मीटर अंतरावरील सुमारे १५० मीटर रुंदीचा भाग चित्रात येतो. चित्राची रुंदी ३,८४० बिंदूंची असल्यास एक बिंदू जवळपास ४ सेंटिमीटर जागा व्यापतो. माणसाचा चेहरा सुमारे १५ सेंटिमीटर रुंद धरला, तर त्याच्या वाट्याला जेमतेम चार बिंदू येतात व व्यक्ती ओळखता येत नाही. हेच अंतर १० मीटर असल्यास चेहऱ्यावर सुमारे ३८ बिंदू पडतात आणि परिचित व्यक्ती ओळखू येऊ शकते.

यावरून उंचावरून जाणाऱ्या ड्रोनपेक्षा खिडकीजवळ स्थिरावणाऱ्या ड्रोनबाबतचा आक्षेप अधिक सबळ ठरतो. मात्र दूरचे दृश्य जवळ आणणारी भिंगे काही नव्या ड्रोनवर उपलब्ध असल्याने वरील हिशोब सर्व यंत्रांना लागू होत नाही. शिवाय चेहरा दिसला नाही, तरी घर, वाहन आणि वेळ यांवरून व्यक्ती ओळखली जाऊ शकते. जमिनीवरून पाहणाऱ्याला भिंगाचा प्रकार कळण्याचा मार्ग नसतो.

उल्लेखनीय घटना

अमेरिका

मे २०१४ मध्ये कनेटिकट राज्यातील हॅमोनासेट समुद्रकिनाऱ्यावर ड्रोनने चित्रण करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलावर एका महिलेने हल्ला केला. मुलाने मोबाइलवर केलेल्या चित्रणामुळे घटनाक्रम स्पष्ट झाला आणि महिलेवर गुन्हा दाखल झाला.

जुलै २०१५ मध्ये केंटकी राज्यातील हिलव्ह्यू येथे एका रहिवाशाने आपल्या आवारावर आलेला ड्रोन बंदुकीने पाडला. ड्रोन कमी उंचीवर घिरट्या घालत होता, असे त्याचे म्हणणे होते. ड्रोनमालकाने उड्डाणाच्या नोंदी दाखवून तो बराच उंच असल्याचा दावा केला. स्थानिक न्यायाधीशांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये रहिवाशावरील आरोप रद्द केले. ड्रोनमालकाने दाखल केलेला दावा २०१७ मध्ये संघीय न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला. त्यामुळे घरावरील हवेचा मालक कोण, हा मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

कोलोरॅडो राज्यातील डीअर ट्रेल या छोट्या गावात ड्रोनच्या ‘शिकारी’चे परवाने देण्याचा प्रस्ताव २०१३ मध्ये मांडला गेला होता. एप्रिल २०१४ मध्ये मतदारांनी तो नाकारला.

ब्रिटन

१९ ते २१ डिसेंबर २०१८ या काळात ड्रोन दिसल्याच्या वृत्तांमुळे लंडनजवळील गॅटविक विमानतळावरील सुमारे १,००० उड्डाणे आणि १,४०,००० प्रवासी प्रभावित झाले. पोलिसांनी परिसरातील एका दांपत्याला अटक केली. त्यांपैकी पतीला प्रतिकृती विमानांचा छंद होता. दोघांची आरोपाविना सुटका झाली, परंतु तोपर्यंत त्यांची नावे व छायाचित्रे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाली होती. २०२० मध्ये पोलिसांनी भरपाई व कायदेशीर खर्चापोटी २,००,००० पौंड देऊन हा दावा मिटवला.

भारत

जून-जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्रात पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), बीड, जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागांत रात्री ड्रोन दिसल्याच्या तक्रारी आल्या. चोरटे ड्रोनने घरांची टेहळणी करतात, अशी भीती पसरली. ग्रामस्थांनी रात्रीची गस्त सुरू केली. हा विषय विधिमंडळातही उपस्थित झाला, तर पोलिसांनी अफवांवर विश्वास न ठेवण्याचे आवाहन केले. २०२५ च्या पावसाळ्यात पश्चिम उत्तर प्रदेशात अशाच अफवांतून निरपराध लोकांना मारहाण झाली. राज्य सरकारने अफवा पसरवणाऱ्यांवर तसेच परवानगीविना ड्रोन उडवणाऱ्यांवर कठोर कारवाईचा इशारा दिला.

कायदेशीर स्थिती

भारत

ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ड्रोनच्या नागरी वापरावर बंदी घातली. १ डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीने मर्यादित परवानगी दिली व इतरांच्या खासगीपणाची जबाबदारी चालकावर टाकली. सध्या २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम, २०२१ (नंतरच्या सुधारणांसह) लागू आहेत. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचे ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे २ किलोग्रॅमपर्यंतचे ‘मायक्रो’ गटात मोडतात. नॅनो ड्रोनसाठी तसेच बिगरव्यावसायिक वापराच्या मायक्रो ड्रोनसाठी चालकाला दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग असून त्यांचा नकाशा डिजिटल स्काय या संकेतस्थळावर पाहता येतो. हिरव्या विभागात साधारणपणे ४०० फुटांपर्यंत (सुमारे १२० मीटर) परवानगीविना उडता येते.

हिरवा विभाग म्हणजे चित्रणाची मुभा नव्हे. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-ई नुसार व्यक्तीच्या गुप्तांगांचे तिच्या संमतीविना चित्रण किंवा प्रसारण करणे गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महिलेला तिच्या खासगी कृतीच्या वेळी पाहणे किंवा तिचे चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली दंडनीय आहे. मात्र कोणी अंगणात निवडणे-टिपणे करत असताना घराभोवती ड्रोन फिरत राहिला, तर तो या व्याख्यांत सहसा बसत नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधूनही वैयक्तिक किंवा घरगुती प्रयोजनासाठी केलेला वापर वगळलेला आहे.

दुसऱ्या बाजूने, त्रास होत असला तरी ड्रोन पाडण्याचा अधिकार नागरिकाला आपोआप मिळत नाही. मालमत्तेचे हेतुपूर्वक नुकसान हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खालील गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करणे हा कायदेशीर मार्ग होय. मुंबईसह अनेक शहरांत पोलीस वेळोवेळी आदेश काढून ठरावीक काळासाठी ड्रोनबंदी करतात. त्यामुळे डिजिटल स्कायवरील नकाशासोबत स्थानिक आदेश पाहणेही आवश्यक ठरते. केंद्रीय संरक्षित स्मारके असलेल्या किल्ल्यांवर चित्रणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते.

इतर देश

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४६ च्या युनायटेड स्टेट्स विरुद्ध कॉझबी खटल्यात जमीनमालकाचा हक्क त्याला उपयोगात आणता येईल इतक्या लगतच्या हवेपर्यंत मान्य केला. नेमकी उंची ठरवली नाही. तेथे ड्रोन हे विमान मानले जात असल्याने ते पाडणे संघीय गुन्हा ठरू शकतो. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायद्यात बदल करून, खासगी कृतींच्या चित्रणासाठी परवानगीविना दुसऱ्याच्या जमिनीवरील हवेत शिरणे हे खासगीपणाचे उल्लंघन ठरवले.

युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून लागू नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनवरही कॅमेरा असल्यास चालकाची नोंदणी आवश्यक असते. खेळण्यांना यातून सूट आहे. स्वीडनमध्ये ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कॅमेरायुक्त ड्रोनला टेहळणी कॅमेऱ्याचे नियम लागू केले. त्यामुळे हौशी चित्रण जवळपास ठप्प झाले. ऑगस्ट २०१७ पासून कायदा बदलून खासगी व्यक्तींना सूट देण्यात आली.

चालकांची आचारपद्धती

अमेरिकेत मे २०१६ मध्ये दूरसंचारविषयक सरकारी संस्थेच्या पुढाकाराने ऐच्छिक आचारसंहिता तयार झाली. शक्य तेथे पूर्वसूचना देणे, खासगीपणाची रास्त अपेक्षा असलेल्या ठिकाणी हेतुपुरस्सर चित्रण टाळणे आणि अनावश्यक चित्रण साठवून न ठेवणे, ही तिची प्रमुख सूत्रे आहेत. अनुभवी चालक पुढील पद्धतीही पाळतात.

* चालकाने आडोशाला न थांबता, सहज दिसेल अशा जागी उभे राहणे.
* शेजाऱ्यांना किंवा गावातील जबाबदार व्यक्तीला उड्डाणाची वेळ व कारण आधी सांगणे.
* वस्तीवर न थांबता ती लवकर ओलांडणे. खिडक्या, गच्च्या, पाणवठे व स्नानाच्या जागा टाळणे.
* कोणी हटकल्यास आधी ड्रोन सुरक्षित उतरवणे व मगच बोलणे, कारण वाद घालताना ड्रोनवरील लक्ष उडते.
* आक्षेप घेणाऱ्यास पडद्यावरील दृश्य दाखवणे आणि त्याचे चित्रण झाले असल्यास ते पुसण्याची तयारी ठेवणे.
* जमाव आक्रमक झाल्यास हक्काचा आग्रह न धरता जागा सोडणे व पोलिसांना कळवणे.

पूर्वसूचनेचे महत्त्व भारतातील स्वामित्व योजनेतूनही दिसते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत गावठाणांचे ड्रोनने सर्वेक्षण होते. उड्डाणापूर्वी ग्रामसभेत माहिती दिली जाते आणि रहिवाशांच्या उपस्थितीत मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखल्या जातात. घरांवरून कॅमेरा जात असला, तरी तो कोणाचा व कशासाठी आहे, हे गावाला ठाऊक असते.

मतभेद

हौशी चालकांच्या मते भीती वास्तवापेक्षा मोठी असून, मोबाइल आणि सीसीटीव्ही कॅमेरे कितीतरी अधिक खासगी क्षण टिपतात. टीकाकारांच्या मते प्रश्न केवळ चित्रणाचा नाही. आपल्यावर नजर आहे असे वाटल्यानेच माणसाचे, विशेषतः महिलांचे, स्वतःच्या अंगणातील वावरणे बदलते. ड्रोनने स्वतःची ओळख व स्थान प्रक्षेपित करावे, हा अमेरिकेने स्वीकारलेला उपाय चालक शोधणे सोपे करतो. त्याच वेळी चालकाचा ठावठिकाणा उघड झाल्याने त्याच्यावर हल्ल्याची शक्यता वाढते, असा आक्षेप चालक घेतात. म्हणजेच या वादात खासगीपणाचा दावा दोन्ही बाजूंकडून केला जातो.

हेही पहा

* मानवरहित विमान
* खासगीपणाचा हक्क
* हवाई छायाचित्रण
* नागरी विमान वाहतूक महासंचालनालय