आळशाने क्यू निवडला नसता

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, आणि दक्षिणेच्या टोकाला दोघांचा संगम. खाऱ्या पाण्यातून वीज चांगली वाहते. त्यामुळे अशा काठावर उभी अँटेना लावली, की तिच्या लहरी क्षितिजालगत निघतात आणि फार लांब पोचतात. हौशी रेडिओवाल्याला, म्हणजे ‘हॅम’ला, याहून बरी जागा मागून मिळायची नाही. पण इथल्या वाळूत कोणी तार उभारून मोर्सची की दाबत बसला, तर बघणारे काय म्हणतील? २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्यानंतर किनारा सावध झाला आहे. पहिला तर्क हाच, की हा काहीतरी गुप्त धाडतो आहे. जरा वाचलेला माणूस म्हणेल, छे, ही संक्षेपांची बोली तर मोबाइलवरच्या तुटक्या भाषेची आजी; कंटाळा आला म्हणून केलेली शब्दांची मोडतोड. दोन्ही मते चूक आहेत. दुसरे अधिक चूक, कारण ते शहाणपणाच्या सुरात मांडले जाते.

गुप्ततेचे आधी उरकू. अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करणे हौशी केंद्रांना आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनीच मना आहे; अपवाद फक्त उपग्रहांच्या नियंत्रणाचा. क्यूआरएल, क्यूटीएच, क्यूएसएल ही क्यूने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी संकेतांची मंडळी भारतातल्या परवाना परीक्षेच्या अभ्यासक्रमात अर्थासकट छापलेली आहेत. ज्याची किल्ली सरकारच वाटते, ते कुलूप कसले? खरोखर लपलेले केंद्र कसे असते, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. १९५५ साली वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचे प्रसारण सुरू केले ते आंबोलीच्या रानातून. पुढे ते कॅसलरॉकला गेले. त्यांचा शब्द न् शब्द उघड होता, कारण तो लोकांनी ऐकायचा होता. लपवली होती ती जागा. हॅम नेमका उलटा. तो आधी आपले कॉलसाइन, म्हणजे केंद्राची ओळख, सांगतो आणि लगेच ‘क्यूटीएच देवबाग’ म्हणून ठिकाणही देऊन टाकतो. असला हेर कोणत्या कामाचा!

आता आळसाचा आरोप. त्यात थोडे तथ्य आहे हे मान्य. ‘तुमचे ठिकाण कोणते’ हा प्रश्न पूर्ण इंग्रजी वाक्यात मिनिटाला १२ शब्दांच्या वेगाने पाठवला, तर सुमारे २१ सेकंद जातात, ‘क्यूटीएच?’ पाच सेकंदांच्या आत संपते. पण नुसता वेळच वाचवायचा असता तर सुरुवात ‘क्यू’ने कोणी केली असती? डा-डा-डि-डा. मोर्समध्ये बिंदूची लांबी एक मात्रा धरली, तर ‘ई’ एका मात्रेत होतो आणि ‘क्यू’ला तेरा लागतात. सव्वीस अक्षरांत त्याहून लांब एकही नाही. ‘जे’ आणि ‘वाय’ तेवढे त्याच्या बरोबरीला येतात. आळशी माणूस सर्वांत महागडे अक्षर उचलत नाही.

मग हेच का? क्यूने सुरू होणारे शब्द इंग्रजीत थोडे, आणि क्यूने सुरू होणारे कॉलसाइन जगातल्या कोणत्याही देशाला दिलेले नाही. म्हणून खरखरीतून डा-डा-डि-डा कानावर आले, की पुढची दोन अक्षरे म्हणजे संकेत, हे ऐकणाऱ्याला आधीच कळते. यात काटकसर आहे, पण ती ऐकणाऱ्याच्या श्रमाची. ही पद्धत १९१२ च्या लंडन परिषदेत ठरली ती जहाजे आणि किनारी केंद्रे यांच्यासाठी. दोन टोकांना बसलेल्या माणसांची भाषा एक असेल याची मुळीच खात्री नव्हती. तोच संकेत, मागे प्रश्नचिन्ह लावले की प्रश्न, न लावले की उत्तर. व्याकरण संपले. मालवणी बोलणारा माणूस रशियन माणसाला आपले ठिकाण, हवा, संदेशाची प्रत एवढे सांगू शकतो, आणि दोघांपैकी एकालाही दुसऱ्याची भाषा येण्याची गरज नाही. भांडता येत नाही, उखाळ्यापाखाळ्या काढता येत नाहीत, एवढी उणीव खरी.

शिवाय यातले कित्येक संकेत निव्वळ रीतभात आहेत. मोकळ्या दिसणाऱ्या लहरीवर बोलायच्या आधी ‘क्यूआरएल?’ विचारायचे, म्हणजे इथे कोणी आहे का. समोरच्याने ‘क्यूआरएस’ म्हटले की कितीही पटाईत असाल तरी वेग उतरवायचा. आणि निरोपाचे ‘७३’, जे १८५९ पासून अमेरिकी तार कंपनीच्या आकडी यादीत आहे, ते आपल्या पत्रातल्या ‘सा. न. वि. वि.’च्या जातीचे. ते लिहिणाऱ्या आजोबांना आळशी म्हणायची कोणाची छाती नव्हती.

तरी काही संकेत पोकळ झाले, हे कबूल करायला हवे. स्पर्धेत प्रत्येकाला ‘५९९’, म्हणजे उत्तम ऐकू येते, असे सांगतात, मग कान फुटेस्तोवर खरखर का असेना. तो अहवाल नव्हे, खोटी दाद आहे.

उरला शेवटचा आक्षेप: मोर्स संपले, आता हे संकेत कशाला? २००३ मध्ये हौशी परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती गेली, हे खरे. क्षीण संदेश मोर्सच पोचवते हा जुना दावाही आता टिकत नाही. २०१७ मध्ये आलेली एफटी८ ही संगणकी पद्धत कानाला लागतही नाहीत असे संदेश उकलते. पण तिचा ठरीव संवाद बघा: कॉलसाइन, ठिकाणाचा चौकोन, सिग्नलचा अहवाल, आणि शेवटी ‘आरआर७३’. माणसाचा हात गेला, कान गेला, ७३ राहिले. ध्वनीवर बोलणारेही क्यूटीएच सोडत नाहीत. फक्त दोन मालवणी माणसे माइकवर एकमेकांना ‘तुझो क्यूटीएच खंय?’ विचारतात, तेव्हा मात्र माझ्याकडे बचाव नाही.