दवाखान्यातच जडणारा आजार

कोल्हापुरात सीपीआर म्हटले की रिक्षावाल्याला आणखी काही सांगावे लागत नाही. जुनी माणसे त्याला अजूनही थोरला दवाखाना म्हणतात. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे नाव नंतरचे. एकोणिसाव्या शतकात तो सुरू झाला तेव्हा त्याचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. १८८६ साली कोल्हापूर संस्थानाने या दवाखान्याच्या स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. त्या नुकत्याच अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते. पुढे शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी याच दवाखान्यात स्त्रियांवर उपचार केले.

आनंदीबाईंची गोष्ट आपण मुलांना सांगतो ती जिद्दीची म्हणून. तिला एक दुसरीही बाजू आहे. त्या शिकून बाहेर पडल्या तेव्हा वैद्यकातला एक जुना वाद मिटत आला होता. रोगी बरा व्हायला दवाखान्यात येतो आणि दवाखान्यातच नवा आजार जडून दगावतो, असे होते का? होत असेल तर तो आजार आणतो कोण? १८४३ मध्ये बॉस्टनच्या ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले होते की, बाळंतज्वर एका बाईकडून दुसरीकडे नेतात ते डॉक्टरच. फिलाडेल्फियातले नामवंत प्रसूतितज्ज्ञ चार्ल्स मेग्ज यांना हा डॉक्टरांचा अपमान वाटला. त्याच फिलाडेल्फियात १८७६ साली जोसेफ लिस्टर येऊन आपली जंतुनाशक शस्त्रक्रिया समजावून गेले. आनंदीबाई तिथे पोचल्या त्या यानंतर सात वर्षांनी.

या वादाचा निकाल लागावा असे आकडे खरे तर व्हिएन्नात आधीच जमा झाले होते. तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. बायकांना साधारण एक दिवसाआड या किंवा त्या विभागात दाखल करून घेत. म्हणजे कोणाच्याही मनात नसताना एक प्रयोगच मांडला गेला होता. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणांत ४५९ बायका गेल्या, म्हणजे ११.४ टक्के. दुसऱ्यात ३७५४ पैकी १०५, म्हणजे २.८ टक्के. शहरातल्या बायकांनाही हे ठाऊक होते. दुसऱ्या विभागात जागा मिळावी म्हणून त्या गयावया करत. पहिल्या विभागात बाळेही जास्त दगावत, हे मात्र बहुतेक पुस्तकांतून निसटते.

तरुण डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी दोन्ही विभागांतला फरक शोधायचा प्रयत्न केला. विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणी तपासायला येत. सुइणी शवविच्छेदन करत नसत. १८४७च्या मे महिन्यात त्यांनी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागात ३५५६ पैकी ४५ बायका दगावल्या, म्हणजे १.२७ टक्के. मधे एक घटना घडली, ती आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. ऑक्टोबर १८४७ मध्ये पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग होऊन स्राव होणारी एक बाई होती. तिला तपासून डॉक्टर ओळीने पुढच्या बारा जणींकडे गेले. त्यांतल्या अकरा दगावल्या. म्हणजे विष प्रेतातूनच येते असे नाही, जिवंत रोग्याकडूनही येते. तेव्हा हात दिवसातून एकदा धुऊन भागत नाही, दर रोग्यानंतर धुवायला हवेत.

आकडे इतके बोलके असूनही बहुतेकांनी ते मानले नाहीत. डॉक्टरांचा अहंकार हे एक कारण झाले. पण हातावर नेमके काय असते हे सेमेलवाइस यांना दाखवता येत नव्हते, हेही विसरू नये. ते १३ ऑगस्ट १८६५ रोजी वारले. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये लिस्टर यांनी गाडीखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली होती. जखम चिघळली नाही आणि मुलगा आपल्या पायांनी घरी गेला. आनंदीबाईंचा जन्मही त्याच वर्षीचा.

यानंतर जंतू सापडले, निर्जंतुक साधने आली, पेनिसिलिन आले. प्रश्न संपला असे वाटण्याच्या सुमारास तो नव्या रूपात उभा राहिला. १९५२च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली होती. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिचा श्वास चालू ठेवला. पुढे सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अशा रोग्यांच्या पिशव्या दाबल्या. अतिदक्षता विभागाची सुरुवात बहुतेक इतिहासकार इथूनच धरतात.

या विभागातला रोगी नळ्यांवर जगतो आणि धोकाही नळ्यांतूनच येतो. त्वचा ही शरीराची तटबंदी आहे. मोठ्या नीलेत घातलेली नळी तिला भोक पाडते. नाकातले केस आणि श्वासमार्गातली केसले बाहेरचे कण अडवतात. व्हेंटिलेटरची नळी त्यांना वळसा घालून खाली उतरते. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर जंतू चिकट थर करून बसतात आणि औषध त्या थरात नीट शिरत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तर तटबंदीच बांधून झालेली नसते. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेले मूल ही शिदोरी घेण्याआधीच बाहेर आलेले असते. त्याची त्वचा कागदासारखी पातळ असते.

आपल्याकडची स्थिती काय? २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत नवजात विभागात दाखल झालेल्या १३,५३० बाळांची पाहणी झाली. त्यांतल्या १४.३ टक्के बाळांना जंतुसंसर्ग झाला. सर्वांत जास्त सापडलेला जंतू अॅसिनेटोबॅक्टर. त्याच्या ८२ टक्के नमुन्यांवर अनेक प्रकारची प्रतिजैविके चालत नव्हती. जन्मानंतर तीन दिवसांत आजारी पडलेल्या बाळांमध्येही हेच जंतू होते. याचा अर्थ, काही बाळांना संसर्ग प्रसूतिगृहातच गाठत असावा.

असे आकडे वाचताना एक अडचण येते, ती वर्गात गणिताच्या तासाला घेण्यासारखी आहे. समजा, एका विभागात महिन्यात चार मुलांच्या नळ्यांतून संसर्ग झाला आणि दुसऱ्यात दोघांच्या. कोणता विभाग चांगला? सांगता येणार नाही. पहिल्यात रोज वीस मुलांना नळ्या असतील आणि दुसऱ्यात पाचच मुलांना. म्हणून रोज किती मुलांना नळी आहे ते मोजून महिन्याची बेरीज करतात. वीस मुले गुणिले तीस दिवस म्हणजे ६०० नळी-दिवस, दुसरीकडे १५०. दर हजार नळी-दिवसांमागे पहिल्यात सुमारे ६.७ संसर्ग, दुसऱ्यात १३.३. संसर्ग निम्मे आणि धोका दुप्पट! सेमेलवाइस यांनी बाळंतपणे आणि मृत्यू दोन्ही मोजले होते, नुसते मृत्यू नव्हे, ते याचसाठी.

मोजणे सुरू झाले की काय होते याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातले. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी नळी घालतानाच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणे, रोग्याला निर्जंतुक चादरीने पूर्ण झाकणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा पुसणे, शक्यतो जांघेतली नीला टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. पायरी चुकली तर डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. आमच्या मते या प्रयोगाचा खरा कणा हाच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हजार नळी-दिवसांमागचा मध्यक २.७ वरून तीन महिन्यांत शून्यावर आला. पण मुले म्हणजे लहान आकाराची मोठी माणसे नव्हेत. २९ बाल अतिदक्षता विभागांनी हेच केले तेव्हा दर ५.४ वरून ३.१ वर उतरला आणि लक्षात आले की, मुलांमध्ये नळी घालण्याच्या क्षणापेक्षा रोजची निगा निर्णायक ठरते. मुलांच्या नळ्या अनेक दिवस राहतात आणि त्यांतून पुनःपुन्हा रक्त काढले जाते, औषध दिले जाते. दर वेळी नळीचे तोंड पुसावे लागते. हे काम परिचारिकेचे आहे.

आता तिचा हिशोब मांडू. तासाला वीस वेळा हात स्वच्छ करायचे आणि बेसिनपर्यंत जाऊन साबणाने धुवून पुसून यायला एक मिनिट लागते, असे धरू. तासातली वीस मिनिटे त्यातच गेली. एका परिचारिकेकडे पाच-सहा मुले असतील तर हे घडणारच नाही, मग भिंतीवर कितीही सूचना चिकटवा. जिनिव्हात दिदिये पिते यांनी हे ओळखून अल्कोहोलची बाटली खाटेपाशीच ठेवली. १९९४ ते १९९७ या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातल्या संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे याची कृती सर्वांना खुली केली: ८० टक्के इथेनॉल, थोडे ग्लिसरीन, किंचित हायड्रोजन पेरॉक्साइड. शुद्ध अल्कोहोलपेक्षा पाणी मिसळलेले अधिक चांगले काम करते, कारण जंतूंची प्रथिने बिघडवायला पाणी लागते. हे इथेनॉल मळीपासूनही मिळते. २०२०च्या साथीत महाराष्ट्रातल्या अनेक साखर कारखान्यांनी आपल्या आसवन्यांत हा द्रव बनवला होता. कोल्हापूर जिल्ह्याला उसाची मळी काय हे सांगायला नको.

मुंबईत शीव रुग्णालयात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला गेला. नवजात विभागातली बाळे संसर्गाने जात होती. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी तिथे आईच्या दुधावर आणि आईच्या सहभागावर भर दिला. वरचे दूध आणि बाटली ही जंतूंची मोठी वाट. आईच्या दुधात मात्र संरक्षक प्रतिपिंडे असतात. ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही त्यांच्यासाठी १९८९ मध्ये तिथे आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली. अशा पेढीत दान आलेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवतात, जंतूंसाठी तपासतात आणि गोठवून ठेवतात.

बोगोटा शहरात १९७८ साली एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या छातीशी बांधले. त्यालाच आपण कांगारू पद्धत म्हणतो. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी घेतले. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले आणि जंतुसंसर्गही कमी झाला. त्यासाठी अतिदक्षता विभागात बाळाच्या पाळण्याशेजारी आईची खाट घालावी लागली, बाळंतिणीची तपासणीही तिथेच करावी लागली. विभागाच्या दारावरची ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ ही पाटी आईपुरती काढावी लागली.