ओळ क्रमांक २२३८ : एकत्र बसून प्रोग्रॅम वाचणाऱ्यांचा इतिहास

संगणकाचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा यंत्रं बनवणाऱ्यांबद्दल आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांबद्दल बोलतो. आज आपण वाचणाऱ्यांकडे बघणार आहोत. काही प्रोग्रॅमर एक पुस्तक निवडतात, आठवड्याला एक प्रकरण वाचून येतात आणि अडलेलं एकमेकांना विचारतात. वरवर पाहता यात इतिहास घडण्यासारखं काय आहे? पण आमचं म्हणणं असं, की आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जी सिस्टीम चालते, तिच्या वंशावळीत अशा वाचनाला मोठी जागा आहे. ते समजून घ्यायला पन्नास वर्षं मागे जाऊ.

जुलै १९७४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्सचे डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांचा युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा निबंध प्रसिद्ध झाला. बेल लॅब्स ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. १९५६ च्या न्यायालयीन समझोत्यामुळे या कंपनीला टेलिफोनचा धंदा सोडून इतर व्यवसायात उतरायला मनाई होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अगदी नाममात्र शुल्कात मिळायची, आणि तीही संपूर्ण सोर्स कोडसकट. अट एवढीच, की मदत मागायची नाही. काही बिघडलं तर तुमचं तुम्ही बघा!

आता बघा, याचा परिणाम काय झाला? दुरुस्ती करायची तर कोड वाचण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. वाचन ही हौस नव्हती, गरज होती. आणि एकट्याला कळत नाही म्हटल्यावर माणसं एकत्र बसू लागली.

सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक ऑपरेटिंग सिस्टीम शिकवत होते. हा विषय शिकवण्याच्या तेव्हा दोन रूढ पद्धती होत्या. एक तर फक्त तत्त्वं सांगायची, नाहीतर विद्यार्थ्यांकडून एखादी खेळण्यातली सिस्टीम लिहून घ्यायची. लायन्स यांनी तिसरी वाट धरली. रोज वापरात असलेली खरी सिस्टीम वर्गात ओळीओळीने वाचायची. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजार ओळींच्या आत बसत होता, म्हणून हे शक्य झालं. एक माणूस एका सत्रात तो वाचून संपवू शकत होता.

१९७६-७७ मध्ये त्यांनी यासाठी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत मूळ कोड, दुसरीत त्यावरचं भाष्य. भाष्य म्हणजे आपल्याकडे ज्याला टीका म्हणतात ते. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो, त्या अर्थाने. कोडचे पाच विभाग पाडले, वाचायला सोयीचा क्रम लावला आणि प्रत्येक ओळीला क्रमांक दिला. ही क्रमांकाची गोष्ट छोटी वाटेल, पण सामुदायिक वाचनाचा जीव त्यातच आहे. पोथी वाचताना ओवीचा क्रमांक सांगितला की सगळ्यांचं बोट एकाच जागी येतं ना, तसंच इथे. वाद घालायचा तरी आधी सगळे एकाच ओळीवर हवेत.

अशीच एक ओळ प्रसिद्ध झाली : क्रमांक २२३८. संगणक एका प्रोसेसचं काम थांबवून दुसरीचं काम हाती घेतो, तो हा भाग. तिथे मूळ लेखकांनी एक शेरा लिहून ठेवला होता. त्याचा आशय असा, की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. वाचणाऱ्यांना हा उद्धटपणा वाटला. पुढे रिची यांनी खुलासा केला, की 'हे परीक्षेला येणार नाही' एवढ्याच अर्थाने ते लिहिलं होतं. आणि खरी अडचण म्हणजे तिथे काय चाललंय हे तेव्हा आम्हालाही नीट कळलं नव्हतं, अशी कबुलीही दिली. ती युक्ती पीडीपी-११ या यंत्राच्या कंपायलरच्या एका विशिष्ट सवयीवर उभी होती. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर न्यायची वेळ आली तेव्हा ती कोसळली आणि तो भाग नव्याने लिहावा लागला. म्हणजे काय, तर ज्या ओळीवर वाचणारे अडत होते, तिथे लिहिणाऱ्यांचाच पाया कच्चा होता. न समजणं हा दर वेळी वाचणाऱ्याचाच दोष नसतो. मंडळात बसल्यावर हे लवकर कळतं, कारण अडणारे आपण एकटे नाही हे तिथे दिसतं.

मग १९७९ साली सातवी आवृत्ती आली. एव्हाना युनिक्सची बाजारातली किंमत कंपनीच्या लक्षात आली होती. नव्या परवान्यात वर्गात कोड शिकवायला बंदी आली. लायन्स यांच्या पुस्तिकाही फक्त परवानाधारकांपुरत्याच होत्या. पण वाचायची भूक अशी थांबते का? झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं करत अक्षरं पुसट होईपर्यंत त्या पुस्तिका जगभर फिरल्या. उघडपणे छापायला १९९६ साल उजाडलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, लायन्स गेले.

बंदीचा दुसरा परिणाम त्याहून मोठा. ॲमस्टरडॅममध्ये शिकवणारे अँड्र्यू टॅनेनबॉम यांची अडचण साधी होती : वर्गात वाचायला आता काहीच उरलं नव्हतं. तेव्हा त्यांनी स्वतःच मिनिक्स नावाची छोटी सिस्टीम लिहिली आणि १९८७ मध्ये पुस्तकासोबत तिचा कोडही छापला. ते पुस्तक हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचलं, मिनिक्स आपल्या संगणकावर चढवली, आणि १९९१ मध्ये लिनक्सची पहिली आवृत्ती जाहीर केली. अँड्रॉइड फोनच्या पोटात आज तोच लिनक्सचा गाभा आहे. मिनिक्सचा कोड लिनक्समध्ये उतरला असा याचा अर्थ नाही, तो टोरवाल्ड्स यांनी स्वतःच लिहिला. पण वाचायला मिळालं म्हणून लिहिता आलं, हे नातं नाकारता येणार नाही.

ही झाली विद्यापीठांची गोष्ट. नोकरी करणाऱ्या प्रोग्रॅमरांचं काय? 'डिझाइन पॅटर्न्स' हे चार लेखकांचं गाजलेलं पुस्तक बाजारात आल्यावर १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोशुआ केरिएव्हस्की यांनी ते वाचण्यासाठी अभ्यासमंडळ सुरू केलं. मंडळ कसं चालवावं यावर त्यांनी पुढे लेखनही केलं. त्यातल्या गोष्टी साध्या आहेत. आधी वाचून यायचं. चर्चेला एक सूत्रधार हवा, आणि सुरुवात व्याख्यानाने न करता एका खऱ्या प्रश्नाने करायची. अज्ञान दाखवायला भीती वाटू नये असं वातावरण हवं. चाळीस माणसांसमोर 'मला कळलं नाही' म्हणणं फार कठीण, सात-आठ जणांत सोपं, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा असेल.

आता आजचं बघू. लिनक्सचा कोड कोट्यवधी ओळींचा झाला आहे. तो कुणालाही पूर्ण वाचता येणार नाही. मग लायन्स यांची वाट बंद झाली का? अमेरिकेतल्या एमआयटीने २००६ मध्ये युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीच्याच नमुन्यावर एक्सव्ही६ ही छोटी सिस्टीम शिकवण्यासाठी नव्याने लिहिली, आणि तिची छापील प्रत ओळींना क्रमांक घालून काढली. आयआयटी मुंबईतल्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमातही एक्सव्ही६ वाचली जाते. म्हणजे सिडनीतल्या वर्गात सुरू झालेली रीत पवईपर्यंत पोचली.

तेव्हा आमचं सांगणं इतकंच. कोड आज पूर्वीपेक्षा कितीतरी खुला आहे, पण खुला असणं आणि वाचला जाणं यात अंतर आहे. ते अंतर लायन्स यांनी मोजक्या ओळी निवडून, त्यांना क्रमांक देऊन आणि सोबत बसून कापलं. ज्यांना मंडळ सुरू करायचं आहे त्यांनी मोठ्या ग्रंथाने सुरुवात करू नये. एका सत्रात संपेल एवढंच घ्यावं, आणि ते संपवावं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.