गोल्फ ॲपमधलं ‘स्लोप रेटिंग’ म्हणजे काय? ९० पेक्षा १०२ चांगला कसा ठरतो?

आधी एक कोडं. माझ्या फोनमधल्या गोल्फ ॲपमध्ये दोन स्कोअर आहेत. एका सोप्या कोर्सवर मी ९० फटक्यांत राउंड संपवला, एका अवघड कोर्सवर १०२ फटके लागले. गोल्फमध्ये जितके कमी फटके तितकं चांगलं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी ॲप म्हणतं, १०२ वाला राउंड चांगला. बग आहे का? मलाही आधी तसंच वाटलं होतं. कोड लिहिणारा माणूस, दुसऱ्याच्या कोडवर पहिला संशय घेणार!

बग नाही. त्यामागे एक मस्त गणित आहे. ते मला फार उशिरा आणि चार लोकांसमोर लाज गेल्यावर कळलं, म्हणून हा लेख.

हँडिकॅप आणि त्याचा फॉर्म्युला

गोल्फमध्ये प्रत्येक खेळाडूचा एक आकडा असतो, हँडिकॅप इंडेक्स. जितका कमी, तितका खेळाडू भारी. जास्तीत जास्त ५४. जानेवारी २०२० पासून यासाठी जगभर एकच पद्धत सुरू झाली, वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम. अमेरिकेची यूएसजीए आणि स्कॉटलंडमधली आर अँड ए या दोन संस्था ती चालवतात. तुमच्या शेवटच्या २० राउंडपैकी सर्वात चांगले ८ घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची, एवढंच.

पण ‘चांगला राउंड’ कुठला, हे नुसत्या फटक्यांवरून ठरत नाही. प्रत्येक राउंडचं एक ‘डिफरन्शियल’ काढतात:

(११३ ÷ स्लोप रेटिंग) × (तुमचा स्कोअर − कोर्स रेटिंग)

यात त्या दिवशीच्या हवामानासारख्या गोष्टींसाठी अजून एक छोटी दुरुस्ती असते, ती सध्या बाजूला ठेवू. एखाद्या होलवर फारच वाट लागली तर तो आकडाही एका मर्यादेवर कापला जातो.

आता माझे दोन कोर्स. सोप्याचं कोर्स रेटिंग ६७.२, स्लोप १०५. म्हणजे ९० स्कोअरचं डिफरन्शियल २४.५. अवघड कोर्सचं रेटिंग ७२.८, स्लोप १३८. तिथे १०२ चं डिफरन्शियल येतं २३.९. फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. सुटलं कोडं.

मग स्लोप म्हणजे नक्की काय?

नावावरून चढ-उतार वाटतो, पण जमिनीच्या उताराशी याचा थेट संबंध नाही. हा ग्राफचा उतार आहे, बारावीला शिकलो होतो तोच.

रेटिंग करणारी टीम कोर्सवर जाते आणि दोन काल्पनिक खेळाडू डोळ्यांसमोर ठेवते. एक ‘स्क्रॅच’, म्हणजे हँडिकॅप शून्यवाला. दुसरा ‘बोगी’ खेळाडू, पुरुषांमध्ये साधारण २० हँडिकॅपवाला. स्क्रॅचवाला पहिला फटका २५० यार्ड मारतो, बोगीवाला २०० यार्ड. पाणी, बंकर, झाडी, ग्रीनचा आकार हे सगळं मोजून दोघांना किती फटके लागतील याचा अंदाज काढतात. स्क्रॅचवाल्याचा अंदाज म्हणजे कोर्स रेटिंग. दोघांमधल्या फरकाला पुरुषांसाठी ५.३८१ ने आणि स्त्रियांसाठी ४.२४ ने गुणलं की स्लोप रेटिंग. ते ५५ ते १५५ च्या मध्ये असतं, ११३ हा मानक आकडा.

ही कल्पना डीन क्नूथ या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याची. १९८० च्या दशकात ती यूएसजीएने वापरात आणली.

माझ्या दोन कोर्सना हे लावून बघा. स्क्रॅचवाल्याला अवघड कोर्सवर सोप्यापेक्षा ५.६ फटके जास्त लागतात. बोगीवाल्याला ८६.७ चे ९८.४ होतात, म्हणजे ११.७ जास्त! कोर्स अवघड झाला की त्रास सगळ्यांना होतो, पण तुमच्या-माझ्यासारख्याला दुप्पट होतो. हा ‘दुप्पट’ कुठून येतो, हे समजलं की गेम कसा सुधारायचा तेही समजतं.

माझी फजिती

इंजिनिअरिंग संपून नोकरी लागल्यावर मी गोल्फ खेळायला लागलो. सेकंडहँड सेट, ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीने एक छोटा, सरळसोट कोर्स. दर रविवारी तिथेच. ॲपमध्ये इंडेक्स ३१ वरून २२ वर आला आणि मी त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. (आईने विचारलं, “बावीस म्हणजे पास का?”)

मग ऑफिसतर्फे जोड्यांची स्पर्धा ठरली, एका अवघड कोर्सवर. माझा जोडीदार आमच्या टीममधला सीनियर, वयाने पंधरा वर्षांनी मोठा. त्याने माझा आकडा बघून मला निवडलं होतं. प्रत्येक होलवर दोघांपैकी चांगला स्कोअर धरायचा होता. १८ होलपैकी माझा धरला गेला २ वर. पाण्यात पाच चेंडू घातले, एका बंकरमधून बाहेर यायला चार फटके लागले. डिफरन्शियल आलं ३२.९.

जोडीदार पूर्ण वेळ काही बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. जेवताना समोरच्या जोडीतल्या एकाने माझा रेकॉर्ड ॲपवर उघडला. “अरे, तुझे वीसच्या वीस स्कोअर एकाच कोर्सचे आहेत रे. स्वतःच्या गल्लीतला वाघ तू.” सगळे हसले, मीही हसलो. घरी येऊन सेट माळ्यावर टाकायचा विचार केला होता, खरं सांगतो.

पण रात्री डोक्यात आलं, आपण हीच चूक कामावर ज्युनियर मुलांना दाखवतो. ॲप एम्युलेटरवर मस्त चालतं, आणि दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर टाकलं की क्रॅश. टेस्ट खोटी नव्हती. ज्या गोष्टी तुटू शकतात, त्या टेस्टमध्ये आल्याच नव्हत्या. माझ्या कोर्सवर पाणी नव्हतं, बंकर तीनच होते. वाकडा फटका शेजारच्या होलच्या गवतात पडायचा आणि तिथून पुन्हा सरळ मारता यायचा. चूक व्हायची, पण तिची किंमत शून्य. स्लोप १०५ चा खरा अर्थ हाच.

अवघड कोर्स काय शिकवतो

त्यानंतर ठरवलं, दर चौथा राउंड अवघड कोर्सवर. त्याहून जास्त माझ्या खिशाला झेपत नाही. पहिल्या दिवशी कॅडी काका भेटले. अरुंद होल, डावीकडे तळं. मी ड्रायव्हर काढला.

“साहेब, तो नको. सात नंबर मारा.”

“काका, तीनशे सत्तर यार्ड आहे. सात नंबरने कसं पोचणार?”

“पोचायचं कशाला दोन फटक्यांत? तुमचा हा होल पाचाचा आहे. चारचा नाही.”

नंतर मी हिशोब केला. रेटिंगवाल्यांचा बोगी खेळाडू दोन फटक्यांत ३७० यार्डच जातो, आणि तेही दोन्ही फटके सरळ बसले तर! काकांनी फॉर्म्युला न बघता तेच सांगितलं होतं. सोप्या कोर्सवर हा निर्णय घ्यायची वेळच येत नाही, कारण तिथे ड्रायव्हर हाणणं नेहमीच परवडतं.

दुसरी गोष्ट ग्रीनजवळची. अवघड कोर्सवर ग्रीन लहान किंवा कडेने उतरते असतात, त्यामुळे चेंडू ग्रीनवर थांबत नाही. मग जवळून छोटा फटका मारणं, म्हणजे चिप करणं, दर होलला येतं. एका राउंडमध्ये पंधरा चिप झाल्या की हात आपोआप तयार होतो. आणि चुकायचं तर कुठल्या बाजूला चुकायचं, हेही कळायला लागतं.

फोनवर मी तीन कॉलमची शीट ठेवली: होल, फटका कुठे वाया गेला, का. कुठलंही महागडं ट्रॅकिंग ॲप घ्यायची गरज नाही. पाच राउंडनंतर माझे निम्म्याहून जास्त वाया गेलेले फटके पेनल्टी आणि बंकरचे निघाले. मग रेंजवर ड्रायव्हर कमी केला आणि वाळूत वेळ घालवला.

इंडेक्स आधी २२ वरून २४.६ वर चढला. याची तयारी ठेवा, आकडा आधी वाईटच होतो. आठ-नऊ महिन्यांनी तो १९.३ झाला, आणि आता तो दोन्ही कोर्सवर खरा ठरतो. त्याच सीनियरने यंदा पुन्हा जोडीला घेतलंय. “या वेळी निदान आठ होल दे,” एवढंच म्हणाला.

किती अवघड म्हणजे खूप अवघड?

न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक या सरकारी कोर्सवर पहिल्या टीजवळ पाटीच आहे, फक्त उत्तम खेळाडूंनीच इथे खेळावं अशी. तशा ठिकाणी नवशिक्याला शिकायला काही उरत नाही, नुसते चेंडू शोधत फिरावं लागतं आणि मागचे लोक शिव्या देतात. अवघड कोर्सवर जा, पण पुढच्या टीवरून खेळा. प्रत्येक टीला वेगळं रेटिंग आणि स्लोप असतं, त्यामुळे डिफरन्शियल बरोबरच निघतं. यात कमीपणा नाही.

जाण्याआधी कोर्स हँडिकॅप काढा: इंडेक्स × स्लोप ÷ ११३, त्यात कोर्स रेटिंग वजा पार मिळवा. इंडेक्स २२ असेल तर माझ्या सोप्या कोर्सवर (पार ७०) १८ फटके मिळतात, अवघडवर (पार ७२) २८. म्हणजे १०० झाले तरी तुम्ही हँडिकॅपप्रमाणेच खेळलात.

एक शेवटची सेटिंग. अंतर मोजणाऱ्या ॲपमध्ये किंवा लेझर रेंजफाइंडरवरही ‘स्लोप’ नावाचं बटण असतं. त्याचा या रेटिंगशी संबंध नाही, ते जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे अंतर बदलून दाखवतं. सरावात खुशाल वापरा. गोल्फच्या नियमांप्रमाणे राउंडमध्ये अंतर मोजलेलं चालतं, चढ-उतार मोजलेला चालत नाही. त्यामुळे स्पर्धेत पहिल्या टीवर जाण्याआधी ते बंद करा.