रील्समधलं ‘रेनफॉरेस्ट’ ठाणे-डोंबिवलीजवळ खरंच आहे का?

जुलै उजाडला की फोनवर एकसारखे व्हिडिओ यायला लागतात. धुकं, शेवाळलेली झाडं, पांढराशुभ्र धबधबा आणि खाली कॅप्शन : ‘डोंबिवलीपासून दोन तासांवर रेनफॉरेस्ट!’ जागा कधी मुरबाडची असते, कधी बदलापूरची, कधी थेट ठाण्यातल्या येऊरची. व्हिडिओ खोटा नसतो, शब्द मात्र बहुतेक वेळा चुकलेला असतो. तो का चुकला हे कळलं की इथले धबधबे इतके देखणे आणि इतके जीवघेणे का आहेत, तेही कळतं.

रेनफॉरेस्ट म्हणजे सदाहरित जंगल. बाराही महिने पानं टिकतात आणि उन्हाळ्यातही जमिनीवर गडद सावली असते, ते. त्यासाठी नुसता भरपूर पाऊस पुरत नाही, तो वर्षभरात बऱ्यापैकी पसरलेला असावा लागतो. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कमी अजिबात नाही. पण तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले सात-आठ महिने कोरडे. सह्याद्रीत केरळकडून जसजसं उत्तरेला यावं तसतसा हा कोरडा काळ वाढत जातो.

म्हणून इथलं जंगल मुख्यतः पानझडी आहे. साग, ऐन, मोह, पळस, सावर. मार्चमध्ये हीच झाडं उघडीबोडकी होतात आणि रीलमधला डोंगर ओळखूही येत नाही.

मग ठाण्याचं येऊर काय आहे?

येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला मुंबई आणि ठाणे ही दोन महानगरं चिकटलेली आहेत, आणि आत बिबटे राहतात. वारली पाडेही याच डोंगरात आहेत. त्यामुळे ‘मोकळं जंगल’ समजून कुठल्याही पायवाटेनं आत शिरणं बरोबर नाही. उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय जाणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, मग धबधबा रस्त्यापासून दहा मिनिटांवर का असेना.

पानझडी जंगल म्हणजे दुय्यम जंगल, असंही समजू नये. शहापूर तालुक्यातल्या तानसा अभयारण्यात २०१४ साली रानपिंगळा दिसला, तेव्हा पक्षीअभ्यासक चकित झाले होते. हे छोटं घुबड नामशेष झालं असं अनेक दशकं मानलं जात होतं. १९९७ मध्ये ते नंदुरबारच्या शहादा भागात पुन्हा सापडलं. मुंबईला पाणी देणाऱ्या तलावाच्या जंगलात ते निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रानपिंगळ्याला लागतं ते सागाचं, विरळ, उन्हाळ्यात पानं गाळणारं रान. घनदाट रेनफॉरेस्टमध्ये तो दिसणारही नाही.

याच अभयारण्यात माहुलीचा किल्ला आहे. आसनगाव स्टेशनवरून सहज गाठता येतो. १६३६ मध्ये निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची धडपड इथेच संपली. चढ मात्र दमवणारा आहे, पावसाळ्यात निसरडाही.

धबधबे येतात कुठून?

उत्तर दगडात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचले आणि सह्याद्रीचा बेसॉल्ट तयार झाला. काही थर कठीण, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजतो, कठीण तसाच उभा राहतो आणि पायऱ्यांसारखे कडे बनतात. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणपट्टी ओलांडून या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि कोसळतात. कड्यावर मातीचा थर पातळ असतो आणि जुलैपर्यंत तो पाण्यानं भरलेला असतो. त्यामुळे पडलेलं पाणी मुरत नाही, थेट खाली धावतं.

खरा धोका इथेच आहे. तुम्ही कुंडात उभे असता तिथे ऊनसुद्धा पडलेलं असू शकतं. पाऊस वर, डोंगरमाथ्यावर, ढगाआड चाललेला असतो आणि त्याचं पाणी काही मिनिटांत खाली पोचतं. स्वच्छ पाणी अचानक गढूळ होणं, पानं-काटक्या वाहून येणं, आवाज वाढणं, या खुणा दिसल्या की बाहेर यायचं. मोबाईल, चपला, बॅग काही गोळा करत बसायचं नाही.

दुसरी गोष्ट पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही माहीत नसते. धबधब्याखालच्या फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे भरलेले असतात. असं पाणी शरीराला नेहमीसारखं वर उचलून धरत नाही. तळ्यात आरामात तरंगणारा माणूस तिथे खाली जातो. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडासारख्या जागा वरून उथळ, शांत वाटतात आणि तिथून बुडाल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ देशभर फिरला. ठाणे जिल्हा प्रशासनही पावसाळ्यात मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ या तालुक्यांतल्या धोकादायक धबधब्यांवर बंदीचा आदेश काढतं. पूर्वी तो कलम १४४ खाली निघायचा, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. पाण्यात उतरणं, धबधब्याखाली बसणं, तिथे दारू पिणं अशा गोष्टींवर बंदी असते. आदेश मोडला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. दोन वर्षांपूर्वीचं रील बघून निघण्याआधी यंदाचा आदेश बघावा, एवढं सोपं आहे ते.

नाणेघाटातलं पाणी वर का उडतं?

कल्याणहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की मुरबाड, टोकावडे ओलांडून वैशाखरे येतं. तिथून नाणेघाटाची पायवाट सुरू होते. अडीच-तीन तास चढायचं. माथ्यावरचा ‘उलटा धबधबा’ हल्ली फार प्रसिद्ध झालाय. त्यात चमत्कार काही नाही. कोकणातून आलेल्या वाऱ्याला सरळसोट कडा आडवा येतो, वर जाण्याशिवाय वाट उरत नाही आणि वर उसळणारा तो वारा ओढ्याचं पाणी परत माथ्यावर फेकतो. वारा पडला की धबधबा मुकाट्यानं सरळ कोसळतो. ज्या वाऱ्यानं पाणी उडतं, तोच वारा कड्याच्या टोकावर उभ्या माणसालाही ढकलतो. फोटो दोन पावलं मागूनही छान येतो.

खरं तर नाणेघाटात पाण्याइतकंच लक्ष गुहेकडे द्यायला हवं. हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी मार्ग. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरकडे जायचा. गुहेच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. केलेले यज्ञ, दान दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची त्यात आकड्यांसह नोंद आहे. भारतातल्या अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत हे आकडे धरले जातात. वर दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. या भिंतींना टेकून, ओल्या हातानं सेल्फी काढणारे पाहिले की वाईट वाटतं.

मग सदाहरित जंगल कुठे आहे?

आहे, पण वर. सह्याद्रीच्या माथ्यावर, भीमाशंकर आणि आहुपेच्या पट्ट्यात. इथे उंचीमुळे थंडावा असतो, धुकं रेंगाळतं आणि जांभूळ, अंजन, पिसा यांसारखी झाडं कोरडा काळ निभावून नेतात. १९८५ मध्ये घोषित झालेलं भीमाशंकर अभयारण्य पुणे, ठाणे आणि रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू इथला. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला त्याला जुळलेल्या फांद्या लागतात, म्हणून सलग जंगल तुटलं की तोही अडतो. आहुपेला तर देवराई आहे. देवाचं रान म्हणून महादेव कोळी गावकऱ्यांनी ते राखलं.

अभयारण्याच्या ठाण्याकडच्या भागात सिद्धगड येतो. २ जानेवारी १९४३ रोजी इंग्रज पोलिसांशी झालेल्या चकमकीत भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हे क्रांतिकारक इथेच हुतात्मा झाले.

आहुपेला जायचं तर पावसाळ्यातली खोपिवलीकडची घाटवाट नवख्यांनी टाळलेली बरी. डिंभ्याकडून गाडीरस्ता आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कड्यावरून बहुधा फक्त पांढरं धुकं दिसतं. ऑक्टोबरपासून खालचं मुरबाड दिसायला लागतं. आणि मार्चमध्ये गेलात तर दोन्ही जंगलं एका नजरेत येतात. खाली तपकिरी, पानं गाळलेली, मधेच पळसानं पेटलेली रानं आणि पाठीमागे देवराईची हिरवी सावली.